सेकंडहॅण्ड फियाट : कुर्ल्याच्या कारखान्यातून शिरोड्याच्या अंगणात

१/ एके काळी या देशात वापरलेली मोटार नव्या मोटारीपेक्षा महाग विकली जात असे. आज हे वाक्य थट्टेसारखे वाटेल. परंतु १९६० च्या दशकातील मध्यमवर्गीय माणसाला त्यात काहीच नवल वाटले नसते. आजचा धागा त्या उलट्या बाजाराविषयी आहे. तो का निर्माण झाला, कधी सुलटा झाला, आणि तो सुलटा झाल्यानंतरच शिरोड्यासारख्या किनारी गावात चार दरवाजांची मोटार सामान्य घराच्या अंगणात का येऊ शकली, हे क्रमाने पाहू.

२/ वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे इतिहासाच्या वाचकांना दोन कारणांनी ठाऊक असते. मे १९३० मध्ये येथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, आणि वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात येथे शिक्षक होते. मोटारीच्या इतिहासात या गावाचे नाव कोठेही येत नाही. म्हणूनच ते मुद्दाम निवडले आहे. वस्तूचा इतिहास बहुधा कारखान्याच्या फाटकाशी सुरू होऊन पहिल्या गिऱ्हाइकाशी संपतो. दुसरा, तिसरा, चौथा मालक त्यात नसतो. आणि खेड्यात मोटार पोहोचते ती बहुतेक वेळा याच मालकांच्या हातून.

३/ प्रथम शब्दाचा खुलासा. सेडान म्हणजे तीन कप्प्यांची मोटार : पुढे इंजिन, मध्ये माणसे, मागे डिकी. भारतात कित्येक दशके 'मोटार' म्हटले की हाच आकार डोळ्यांसमोर येई. कुटुंबाची गाडी म्हणून तो का रुजला, हे कोकणात वेगळे सांगावे लागत नाही. माणसांबरोबर तांदळाचे पोते, नारळ, फणस आणि परतीच्या वाटेवर आंब्यांच्या पेट्या येतातच. डिकी ही येथे चैन मानली जात नाही.

४/ आता कारखाना. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकातच देशात मोटार बनविण्याचा ध्यास घेतला होता. सर मो. विश्वेश्वरय्या यांनी त्यासाठी योजना आखली होती. ब्रिटिश सरकारने पाठबळ दिले नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली, आणि १९४७ पासून मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या परवान्यावर गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला.

५/ १९५३ हे वर्ष येथे महत्त्वाचे आहे. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरविले की, केवळ आयात भाग जोडून गाड्या विकणाऱ्यांना येथे स्थान नाही. क्रमाक्रमाने संपूर्ण गाडी देशातच बनवावी लागेल. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने आणि फोर्डने आपले काम आवरते घेतले. मोटारींच्या क्षेत्रात मुख्यतः तीन नावे उरली : उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. पुढची तीस वर्षे भारतीय कुटुंबाची निवड या तिघांपुरतीच मर्यादित राहिली.

६/ प्रीमियरची कुटुंबमोटार म्हणजे फियाट ११००. इटलीतील तिचा नवा अवतार १९५३ चा. भारतात ती त्यानंतर लवकरच आली. तिच्या जुन्या, गोलमटोल रूपाला मराठी माणसाने 'डुक्कर फियाट' हे नाव दिले. त्यात तुच्छतेपेक्षा लळाच अधिक होता. तिचे पुढचे दरवाजे आजच्या उलट दिशेने उघडत. १९६० च्या दशकाच्या मध्यात रेखीव चेहऱ्याचे रूप आले. फियाटशी असलेला परवाना करार संपल्यावर तीच गाडी काही काळ 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली गेली. नाव चितोडच्या राणीचे. लोकांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत 'फियाट'च.

७/ इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. कुर्ल्यात तिचेच भावंड २००० सालापर्यंत बनत राहिले. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, कार्बोरेटर, चार गिअर आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर. पुढे सलग बाकासारखी बैठक, म्हणजे चालकाशेजारी दोघे बसत, वेळप्रसंगी मुलांसह तिघे. रचनेत मोठे फेरफार फारसे झाले नाहीत. ही गोष्ट तंत्रज्ञानाच्या दृष्टीने मागासलेपणाची. पण वापरलेली गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने वरदान ठरली. ते कसे, हे पुढे येईल.

८/ आता उलट्या बाजाराकडे वळू. परकीय चलनाची टंचाई होती, उत्पादनाला परवान्याची मर्यादा होती, आणि मोटार ही चैनीची वस्तू मानली गेली होती. मागणी मात्र वाढत होती. १९५९ मध्ये केंद्र सरकारने मोटारींचे वितरण व विक्री नियंत्रित करणारा आदेश काढला. अनामत रक्कम अडकवून नाव नोंदवायचे आणि रांगेत राहायचे. सरकारी कामासाठी राखीव कोटा वेगळा. सामान्य नोंदणीदाराला फियाटसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे.

९/ येथे अर्थशास्त्राचा साधा नियम काम करू लागतो. नव्या गाडीची किंमत बांधलेली, पण ती मिळत नाही. वापरलेली गाडी आज मिळते, पण तिची किंमत कोणी बांधलेली नाही. मग ज्याला आज गाडी हवी आहे तो रांगेतील वर्षांचेही पैसे मोजतो. नवी गाडी हाती येताच ती विकणाऱ्याला नफा होई. म्हणून ठरावीक मुदतीच्या आत परवानगीविना पुनर्विक्री करण्यावर निर्बंध आले. निर्बंध आले की आडवाटा येतात : नाव एकाचे, गाडी दुसऱ्याच्या दारात. त्या काळातील कागदोपत्री मालक आणि प्रत्यक्ष मालक एकच होते, असे इतिहासाच्या विद्यार्थ्याने गृहीत धरू नये.

१०/ या रांगेबाहेरही मोटार घेणे किती जड होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण लालबहादूर शास्त्री यांचे आहे. पंतप्रधान असताना त्यांनी १९६४ चे फियाट ११०० घेण्याचे ठरविले. किंमत १२,००० रुपये. कुटुंबाच्या बँकखात्यात सुमारे ७,००० रुपये. उरलेले ५,००० पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले, तेव्हा कर्ज शिल्लकच होते. ते ललिताबाई शास्त्री यांनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी आज दिल्लीतील त्यांच्या स्मारकात पाहावयास मिळते.

११/ ही कथा बहुधा प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून सांगितली जाते, आणि तसे सांगणे योग्यच. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. गाडीच्या कागदांवर नाव पतीचे, आणि ऋण फेडले पत्नीने. कुटुंबाच्या मोटारीचा इतिहास लिहिताना हे सूत्र हाताशी ठेवावे. कागद मालकाचे नाव सांगतो. किंमत कोणी मोजली हे तो सांगेलच असे नाही.

१२/ १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमती स्वतंत्र आदेशाने निश्चित केल्या. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. चौकशी आयोग नेमला गेला, आणि १९७१ मध्ये 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार' या खटल्याचा निकाल लागला. एका कुटुंबमोटारीची रास्त किंमत किती असावी, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायासनासमोर होता! १९७० च्या दशकाच्या मध्यास किंमत-नियंत्रण उठले. परंतु परवान्यांची चौकट तशीच राहिली, आणि रांगही.

१३/ आकड्यांकडे पाहा. १९८० च्या सुमारास देशात वर्षाला तीस हजारांच्या घरात मोटारी बनत होत्या. १९८१ च्या जनगणनेत लोकसंख्या ६८ कोटींवर होती. म्हणजे सुमारे बावीस-तेवीस हजार माणसांमागे वर्षाकाठी जेमतेम एक नवी मोटार. मोठ्या गावाच्या वाट्याला वर्षभरात एकही येऊ नये, असे हे प्रमाण. वापरलेल्या गाड्यांचा साठाच इतका तोकडा असता त्या स्वस्त कशा होणार? मालक गाडी सोडत नसे. सोडली तर किंमत सोडत नसे.

१४/ अशा काळात शिरोड्याच्या माणसाचे दळणवळण कसे होते? मुंबईला जाणारा चाकरमानी वेंगुर्ले बंदरातून आगबोट पकडे. पुढे आगबोटीची सेवा बंद पडली. गावोगावी पोहोचली ती एस.टी. मोटार ही डॉक्टर, वकील, मोठे व्यापारी, खाणमालक आणि सरकारी अधिकारी यांची खूण होती. सिंधुदुर्ग जिल्हाच मुळी १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. जिल्ह्याचा जन्म आणि मोटारीच्या बाजाराची उलथापालथ यांत जेमतेम अडीच वर्षांचे अंतर आहे.

१५/ ती उलथापालथ डिसेंबर १९८३ ची. मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबरला ग्राहकाच्या हाती पडली. लहान, हलकी, कमी पेट्रोल पिणारी आणि किमतीने आवाक्यातली. तिच्यासाठीही आरंभी रांगा लागल्या. पण त्या ओसरत गेल्या. फियाटचा शहरी मालक आता नव्या गाडीकडे वळला, आणि तीस वर्षांत प्रथमच जुनी फियाट खऱ्या अर्थाने 'जुनी' झाली. म्हणजे तिची किंमत वयाप्रमाणे उतरू लागली.

१६/ १९९३ मध्ये मोटार-उत्पादनावरील परवान्याचे बंधनही उठले. पाठोपाठ एस्टीम, सिएलो, अ‍ॅस्ट्रा, एस्कॉर्ट, होंडा सिटी, अ‍ॅक्सेंट अशा सेडान आल्या. प्रत्येक नव्या गाडीने जुन्या गाडीला एक पायरी खाली ढकलले : मुंबईहून जिल्ह्याच्या ठिकाणी, तेथून तालुक्याला, तेथून गावात. या उतरंडीलाच आपण 'सेकंडहॅण्ड बाजार' म्हणतो. स्वस्त वापरलेली सेडान ही खेड्याला मिळालेली देणगी नव्हती. शहरातील स्पर्धेचा तो परिणाम होता. स्पर्धा नव्हती तेव्हा ही उतरंडही नव्हती.

१७/ आता एक भौगोलिक कोडे. शिरोड्याहून पणजी मुंबईच्या मानाने फारच जवळ आहे. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. मग जुनी गाडी मुंबईचीच का सोयीची? उत्तर कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्यानुसार एका राज्यातील गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आर.टी.ओ.चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि येथला कर भरावा लागतो. मुंबईची गाडी महाराष्ट्रातच राही. मालकाचे नाव आणि पत्ता बदलला की काम भागे. रस्त्याने पणजी जवळ, कागदाने मुंबई.

१८/ म्हणूनच महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात हिंडलेल्या गाडीचा क्रमांक तिची जन्मकुंडली ठरतो. १ जुलै १९८९ पासून १९८८ चा नवा कायदा अमलात आला आणि जिल्हावार क्रमांकपद्धती रुळली; सिंधुदुर्गला एम.एच.-०७ मिळाले. परंतु अंगणातील गाडीवर एम.एच.-०१ किंवा त्याही आधीची जुनी अक्षरे असतील, तर ती मुंबईतून आली आहे हे पाटीच सांगते. घराण्यातील कोण कोठे नोकरीला होते, याचा तो धातूवरचा पुरावा असतो.

१९/ फियाटच का, याचेही उत्तर मुंबईतच आहे. काळी-पिवळी टॅक्सी. शहरातील हजारो टॅक्सी याच घडणीच्या असल्याने तिचे सुटे भाग मुबलक होते आणि ती उघडून जोडू शकणारे मिस्त्रीही. ऑपेरा हाउसच्या दुकानांत नवा भाग मिळे. कुर्ल्याच्या भंगारबाजारात उतरविलेला मिळे. रचना फारशी बदलली नव्हती, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या गाडीला आजचा भाग थोड्या खटाटोपाने बसे. शिरोड्यातील मालकाला क्लच-प्लेट हवी असेल, तर मुंबईहून येणाऱ्या नातलगाच्या पिशवीत ती येऊ शके. आयात केलेल्या दिमाखदार गाडीचे हे भाग्य नव्हते.

२०/ याच टॅक्सीमुळे एक धोकाही होता. रस्त्यावर झिजलेली टॅक्सी रंगवून खासगी गाडी म्हणून खपविली जाण्याची भीती खरेदीदाराला असे. म्हणून जाणता माणूस बरोबर नेण्याची चाल पडली. तो इंजिनाआधी कोपरे पाहायचा. दरवाजाच्या बिजागरीत, डिकीच्या कडेला, पायपुसणीखालच्या पत्र्यावर पिवळा किंवा काळा रंग डोकावतो का? मीटर बसविल्याची भोके बुजविली आहेत का? आर.सी. बुकात वाहनाचा वर्ग कधी बदलला आहे का? इतिहासात आपण याला साधनचिकित्सा म्हणतो. आपल्या आजोबांच्या पिढीने ती गॅरेजात केली.

२१/ गाडी घेतली. आता ती गावी आणायची. मुंबईहून शिरोडे पाचशे किलोमीटरांहून दूर. कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट वाटेत. मे महिन्याच्या उन्हात भरल्या गाडीने चढ चढताना रेडिएटरचे पाणी उकळे. पेट्रोलपंपात, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या छोट्या यांत्रिक पंपात, पेट्रोलची वाफ होई आणि गाडी बंद पडे. उपाय ठरलेला : कडेला थांबायचे, बॉनेट उघडायचे, पंपावर ओले फडके ठेवायचे. झाकण लगेच उघडायचे नाही, हे मुलांनाही ठाऊक असे. घाटातल्या झऱ्याचे महत्त्व प्रवाशाला आणि रेडिएटरला सारखेच होते.

२२/ या गाडीने मालकाला अर्धा मिस्त्री बनविले. सकाळी चोक किती ओढायचा, प्लग कधी घासायचे, पॉइंटमधील फट किती ठेवायची, बॅटरी उतरली असेल तर रात्री गाडी उतारावर तोंड करून कशी लावायची, ही विद्या बापाकडून मुलाकडे आली. सेल्फ मारून गाडी सुरू झाली नाही तर शेजारी धक्का मारायला येत, आणि त्याचे आभार मानण्याचीही पद्धत नव्हती. इंजिन थकले की ते उतरवून बोअर करायचे, पिस्टन-रिंगा बदलायच्या, पुन्हा चढवायचे. 'इंजिनकाम केले आहे' हे वाक्य विक्रीच्या वेळी गुण म्हणून सांगितले जाई.

२३/ मात्र इंजिनापेक्षा मोठा शत्रू किनाऱ्यावर दुसराच होता : मीठ. ज्या खाऱ्या वाऱ्याने आणि भरतीच्या पाण्याने शिरोड्याला मिठागरे दिली, तोच वारा पत्रा खातो. मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते, आणि खारट ओलाव्यात लोखंड साध्या पाण्यापेक्षा लवकर गंजते. त्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस. फियाट ११०० ला ट्रकसारखी वेगळी चौकट नव्हती. पत्र्याचा सांगाडा हीच तिची ताकद. त्यामुळे तळ सडला की नुसती शोभा जात नसे, गाडीचा कणाच जाई.

२४/ म्हणून किनाऱ्यावरच्या गाडीचे आयुष्य पावसाळ्यांत मोजावे लागते. जून येण्यापूर्वी तळाला डांबरी लेप द्यायचा, दरवाजाखालची पाणी निघून जाण्याची भोके मोकळी करायची, पाऊस संपला की तळ गोड्या पाण्याने धुवायचा. तरीही काही वर्षांनी पत्राकाम निघतेच : सडलेला भाग कापायचा, नवा पत्रा जोडायचा, लांबी भरायची, रंग मारायचा. खरेदीची किंमत कमी होती. गाडी टिकविण्याची किंमत थोडी थोडी करून वर्षानुवर्षे चुकती होई. स्वस्त गाडीचा खरा हिशेब खरेदीच्या पावतीत सापडत नाही. तो मिस्त्रीच्या वहीत असतो.

२५/ आणि तरीही माणसे ती ठेवीत. का? कारण वाडीतील एक गाडी ही केवळ एका घराची नसे. अडलेल्या बाळंतिणीला रात्री वेंगुर्ल्याला किंवा सावंतवाडीला न्यायचे आहे, नवरा-नवरी आणायची आहेत, गणपतीची मूर्ती शाळेतून घरी आणायची आहे, तेव्हा एस.टी.चे वेळापत्रक उपयोगाचे नसते. पेट्रोलचे पैसे कोणी द्यायचे, याचे अलिखित संकेत ठरत. राज्याने ज्या वस्तूला चैन ठरविले होते, ती गावात आल्यावर निकडीच्या प्रसंगाची वस्तू झाली. या धाग्यातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर हे ठेवा.

२६/ आता साधनांविषयी, कारण इतिहासप्रेमींसाठी खरा मुद्दा येथे आहे. या सर्व व्यवहाराचे एक अस्सल कागदपत्र घरोघरी पडून असते : जुने आर.सी. बुक. त्यात चेसिस आणि इंजिन क्रमांक, उत्पादनाचे वर्ष, रंग, आसनसंख्या, पहिल्या मालकाचे नाव, त्यानंतरच्या प्रत्येक हस्तांतराची तारीख व शिक्का, कर्ज असल्यास बँकेच्या बोजाची नोंद, पत्ताबदल. पुढे नमुना २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या सह्या. चार मालकांचे आर.सी. बुक म्हणजे चार कुटुंबांची छोटी बखरच.

२७/ ते कसे वाचावे? पहिल्या दोन मालकांमधील अंतर पाहा. ते मोठे असेल आणि वर्ष १९८३ च्या आधीचे असेल, तर टंचाईचा काळ बोलतो आहे. पुढची हस्तांतरे भराभर असतील, तर बाजार मोकळा झाला आहे. पत्ते क्रमाने लावा : गिरगाव, मग कणकवली, मग शिरोडे. शहराकडून गावाकडे वस्तू कशी सरकते, याचा नकाशा तयार होतो. बोजाची नोंद सांगते की जुन्या गाडीलाही बँक कर्ज देऊ लागली होती. किंमत मात्र तेथे सापडणार नाही. ती विचारावी लागेल.

२८/ आणि विचारताना शास्त्रीजींच्या गाडीचे उदाहरण आठवा. नाव आजोबांचे असेल. पैसे कोठून आले? भविष्यनिर्वाह निधीतून, आंब्याच्या हंगामातून, की आजीच्या पाटल्या मोडून? गाडी चालवायला घरातील कोणत्या स्त्रीला शिकविले, आणि कोणाला शिकविले नाही? ही उत्तरे कोणत्याही शिक्क्याखाली नाहीत. ज्यांना ती ठाऊक आहेत त्यांची वये आज सत्तर-ऐंशीच्या पुढे आहेत.

२९/ घाई करण्याचे दुसरे कारण कायद्याचे आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. धुराच्या आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याचे समर्थन करता येते, आणि करावेही. परंतु गाडी भंगारात जाते तेव्हा तिचे पुस्तकही बहुधा जाते. नव्या गाड्यांना तर पुस्तकच नाही. एक पत्ती आणि संगणकातील नोंद.

३०/ मुंबईत पद्मिनीचा शेवट तारखेनिशी सांगता येतो. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आर.टी.ओ.त नोंदली गेली होती. टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षे. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात पद्मिनी टॅक्सी उरली नाही. वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला. गावातील खासगी फियाटचा शेवट मात्र कोणी छापला नाही. ती माडाखाली, जांभ्याच्या गडग्याला टेकून, पत्रा झिजत उभी राहिली.

३१/ धोरण आणि डिकी यांचे नाते आजही सुटलेले नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांहून आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क कमी करण्यात आले. परिणामी कंपन्यांनी सेडानची शेपटी छाटली. स्विफ्ट डिझायर २०१२ मध्ये ३,९९५ मिलिमीटरवर आली. आज कोकणातील कुटुंब वापरलेली आखूड सेडान पाहते, तेव्हा डिकीत आंब्याच्या पेट्या किती मावतील, हेही दिल्लीतल्या एका शुल्काच्या तक्त्याने आधीच ठरविलेले असते. १९५९ चा आदेश रांग ठरवीत होता. २००६ चा तक्ता लांबी ठरवितो.

३२/ तेव्हा वाचकहो, एक काम. घरातील कपाटात, ट्रंकेत, देवघराच्या खणात जुने आर.सी. बुक असेल तर त्याच्या प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र घ्या. जिवंत माणसांची नावे-पत्ते जाहीर करू नका. ती घरच्या वहीत राहू द्या. मग वडीलधाऱ्यांना चार प्रश्न विचारा : गाडी कोणाकडून घेतली, कितीला घेतली, पैसे कोणी उभे केले, आणि पहिल्यांदा तिच्यातून कोणाला नेले? उत्तरे तारीख घालून लिहून ठेवा. कारखान्याचे दप्तर सांभाळायला कंपन्या असतात आणि निकालपत्रे सांभाळायला न्यायालये. तिसऱ्या मालकाचे दप्तर सांभाळणारे आपणच आहोत.

धागा समाप्त.